हातातलं काम दुसऱ्याच्या हातात देताना

कारागिरांच्या घरांतून आणि कारागिरी शिकू पाहणाऱ्या तरुणांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. मुलाला हे काम नको आहे, तर बाहेरच्याला शिकवावं का? शिकवलं आणि त्याने शेजारीच दुकान टाकलं तर? फी घ्यावी की आपणच विद्यावेतन द्यावं? दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, माणसं आली, खूश होऊन गेली, पण पुढे एकानेही हत्यार हातात धरलं नाही, असं का झालं? शिकून तयार झालेल्या माणसाला ‘कोल्हापुरी’, ‘पैठणी’ ही नावं वापरता येतात का?

हा लेख मुख्यतः ज्यांच्या हातात कला आहे त्यांच्यासाठी आहे. शिकणाऱ्यांसाठीचा भाग शेवटाकडे आहे, पण त्यांनीही आधीचं वाचावं.

आधी ठरवा, कोणाला शिकवताय?

शिकायला येणारी माणसं तीन प्रकारची असतात. त्यांना एकाच वर्गात बसवलं की सगळ्यांचीच निराशा होते.

- हौशी. शनिवार-रविवार येतील, एखादी वस्तू करून घरी नेतील. ते कारागीर होणार नाहीत. पण ज्याने एकदा चामड्याची वेणी स्वतः घालून पाहिली, तो चपलेच्या किमतीवर घासाघीस करत नाही. हौशी वर्गातून जाणतं गिऱ्हाईक तयार होतं, आणि त्याचीही गरज आहे.
- शाळेतली मुलं. त्यांना ओळख हवी असते, प्रावीण्य नको. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे काम पाहत-करत घालवावेत असं सुचवलं आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हा उल्लेख जरूर करा.
- पोटासाठी शिकणारे. यांना महिने नव्हे, वर्षं द्यावी लागतात. कला टिकते ती यांच्यामुळे. असा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ झालं.

हौशी वर्गाच्या फीमधून तिसऱ्या प्रकारच्या शिष्याचं विद्यावेतन काढता आलं, तर ती सगळ्यात चांगली व्यवस्था. उलट, हौशी वर्गांच्या गर्दीत खऱ्या शिष्यासाठी वेळच उरला नाही, तर तुम्ही लोकप्रिय व्हाल आणि कला मात्र तुमच्याबरोबर थांबेल.

नक्षी शेवटी, कच्चा माल आधी

बहुतेक प्रशिक्षणं इथेच फसतात. शिकवणारा दिसणारी गोष्ट शिकवतो: नक्षी, रंग, विणीचा नमुना. पण मरते ती आधी न दिसणारी गोष्ट. घोंगडी विणणारा माणूस अजून सापडतो. लोकर पिंजून हाताने एकसारखी कातणारी बाई सापडत नाही, आणि सूत नाही म्हणून माग उभा राहतो. चपलेचे कान आणि वेणी शिकवणारे भेटतात, पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणारे हात कमी होत चालले आहेत. बुरुडाची टोपली वळायला शिकवता येते, पण कोणता बांबू जून आणि कोणता कोवळा, कोणता चिरताना नीट उभा चिरेल, हे रानात नेल्याशिवाय कळत नाही. कोवळ्या बांबूच्या टोपलीला कीड लागली की नाव शिकवणाऱ्याचं जातं.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचं उदाहरण घ्या. भोपळा पंढरपूरकडच्या भागातून येतो. तो निवडणं, वाळवणं, कापणं हे पहिलं कौशल्य. आणि अगदी शेवटचं, सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे जवारी: घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तिचा, माथा इतका हलकेच घासायचा की तार वाजवल्यावर स्वर खुलून, भरून यावा. हे डोळ्याने दिसत नाही, मापाने सांगता येत नाही, कानाने शिकावं लागतं. ज्या शिष्याला मधली सुतारकी आणि कोरीव काम तेवढं शिकवलं, तो वाद्याचा सांगाडा करेल. वाद्य करणार नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं, काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. दशावतारी गंजिफाचा जोड 120 पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची 12 पानं. पत्त्यांच्या छापील जोडांनी या खेळाला मागे टाकलं आणि करणारे चितारी जवळजवळ संपले. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून हे काम स्वतः शिकून घेतलं आणि 1970 च्या दशकात राजवाड्यातच कामाची जागा करून स्थानिक तरुण-तरुणींना शिकवलं. यात कळीची गोष्ट ही, की शिकवलेलं काम चित्र काढण्यापुरतं नव्हतं. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून पान तयार करायचं, अस्तर चढवायचं, घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग, मग लाखेचं रोगण. आज ते काम तिथे चालू आहे, कारण चित्राच्या आधीचं पानही शिकवलं गेलं.

म्हणून शिकवायला बसण्यापूर्वी एक काम करा. कच्चा माल कुठून येतो इथपासून वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतचे सगळे टप्पे एका वहीत लिहून काढा. प्रत्येक टप्प्यासमोर लिहा, तो आपल्या घरात कोण करतं. पुष्कळ घरांत अर्ध्या टप्प्यांसमोर आई, बायको, सून यांची नावं येतील: कांड्या भरणं, सूत कातणं, चपलेच्या वेण्या, रंगाची पूड कालवणं. ‘कारागीर’ म्हणून मात्र एकट्या पुरुषाची नोंद असते. शिकवणीतही त्या बायकांना गुरू म्हणूनच बसवा आणि मानधन त्यांच्या हातात द्या. त्यांच्याशिवाय दिलेलं शिक्षण अर्धंच राहतं.

बाहेरच्याला शिकवावं का?

शिकवावं. माझं मत यात स्पष्ट आहे.

आपल्याकडची बहुतेक कामं जातीला आणि घराला बांधलेली होती. काही घरांत मुलीला मुद्दाम शिकवत नसत, कारण ती लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार. या पद्धतीने गुपित राखलं, पण ज्या घरात पुढची पिढी शिकून नोकरीला लागली तिथे गुपित राखणाऱ्याबरोबरच गेलं. कातड्याच्या किंवा बुरुडकामाच्या घरातली मुलं या कामापासून दूर जातात त्यामागे कमाईचा प्रश्न आहे, तसा पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या अपमानाचाही आहे. त्यांना ‘परंपरा सोडली’ म्हणून दोष देण्याचा हक्क कोणालाही नाही.

पण बाहेरच्याला शिकवणं म्हणजे समाजाचा हक्क सोडून देणं नव्हे. वारलीचंच पाहा. लग्नातला देवचौक भिंतीवर लिहिण्याचं काम सवाशिणींचं. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणि मग जगभर नेली. आज शहरोशहरी वारलीचे वर्ग चालतात आणि शिकवणारा पुष्कळदा त्या समाजातला नसतो. तुम्ही असा वर्ग भरवणार असाल तर डहाणू-जव्हार भागातला आदिवासी कलाकारच शिक्षक म्हणून बोलवा, मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा, आणि देवचौकासारखं धार्मिक विधीचं चित्र सजावट म्हणून शिकवायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

शिकवण्याचा क्रम कसा लावाल?

जुन्या पद्धतीत शिष्य वर्षभर झाडलोट करायचा, पाहत राहायचा, मग कधीतरी हत्यार मिळायचं. आज भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा एवढा थांबू शकत नाही. पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याच्या हातून विकण्याजोगी एखादी लहान वस्तू तयार झाली पाहिजे.

1. एक लहान वस्तू पूर्ण करून घ्या. पैठणीत थेट साडी नको. अरुंद काठाची पट्टी किंवा बटव्यापुरतं कापड घ्या. त्यात ताण्याचे धागे सांधणं, तिल्ल्या (रंगीत धाग्याच्या लहान कांड्या) फिरवणं, कडेला दोन रंग एकमेकांत अडकवणं, सगळं येतं.
2. चूक उलगडायला लावा. बिघडलेला तुकडा तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. उसवण्यात जेवढं कळतं तेवढं विणण्यात कळत नाही.
3. हत्यार धारेला लावणं, दुरुस्त करणं शिकवा. जमलं तर बनवणंही.
4. माप सांगा. वीत, मूठ, बोट ही तुमची मापं तुमच्या हाताची आहेत. शिष्याचा हात वेगळा आहे. वीत किती सेंटिमीटरची, एकदा मोजून लिहून ठेवा.
5. बाजारात न्या. माल कुठे घ्यायचा, उधारी कशी टाळायची, भाव कसा सांगायचा. हे शिकवायला कारागीर कचरतात, आणि शिष्य नेमका इथेच बुडतो.

शिष्य डावखुरा असेल तर त्याला समोर बसवा, आरशातल्यासारखं दिसेल. उजव्या हाताने काम करणाऱ्या शिष्याला आपल्या शेजारी बसवा.

पैशांचं आधी बोला

हौशी वर्गाची फी ठरवताना तीन गोष्टी धरा: त्या दिवशी काम केलं असतं तर झालेली कमाई, साहित्य, आणि जागा-चहा व हत्यारांची झीज असा वरखर्च. समजा तुमची दिवसाची कमाई 1,200 रुपये, दहाजणांचं साहित्य 2,000 आणि वरखर्चाचे 800 रुपये. एकूण 4,000, म्हणजे माणशी 400 रुपयांत तुम्ही फक्त बरोबरीत सुटता. तयारीला घातलेला दिवस आणि तुमचं कौशल्य अजून धरलेलं नाही. ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणून फुकट बोलावणाऱ्या संस्थेला नम्रपणे नाही म्हणा. वर्षाची एकूण उलाढाल, म्हणजे विक्री आणि फी मिळून, 20 लाखांच्या आत असेल तर वर्गाच्या फीसाठी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

पोटासाठी शिकणाऱ्याकडून फी घेऊ नये, असं मला वाटतं. सुरुवातीला साहित्य तुमचं, श्रम त्याचे. ज्या दिवशी त्याची वस्तू विकली जाऊ लागली, त्या दिवसापासून नगावर मजुरी द्या. हे तोंडी ठेवू नका.

कागदावर काय लिहाल?

साध्या कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी, एवढं पुरे:

- शिकवणीचा काळ आणि रोजचे तास
- मजुरी केव्हापासून, किती
- बिघडलेल्या मालाचा खर्च कोणाचा
- सरावाच्या वस्तू कोणाच्या
- तुम्ही स्वतः रचलेले नमुने शिष्याने वापरायचे की नाही

‘शिकून झाल्यावर पाच वर्षं या गावात धंदा करणार नाही’ असं कलम काहीजण घालतात. ते घालून उपयोग नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार धंदा करण्यावर बंदी घालणारा करार कोर्टात टिकत नाही. परंपरेतून आलेल्या मोर, कोयरी, स्वस्तिक या आकृत्यांवर तुमची एकट्याची मालकी नसते. मात्र तुम्ही स्वतः रचलेल्या नव्या चित्राकृतीला कॉपीराइटचं संरक्षण असू शकतं. तिचा तारीख घातलेला फोटो जपून ठेवा.

शिष्याने शेजारीच दुकान टाकण्याची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. पण एकाच गल्लीत काम करणारी पाच घरं असतात तेव्हा कच्च्या मालाचा व्यापारी तिथवर येतो आणि गिऱ्हाईकही येतं. एकट्या उरलेल्या कारागिराला दोन्ही शोधत फिरावं लागतं.

लहान मुलांबाबत कायदा काय सांगतो?

14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर सूट आहे ती स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात मदत करण्यापुरती. शेजाऱ्याच्या किंवा लांबच्या ओळखीच्या मुलाला ‘शिकायला ठेवलाय’ म्हणून दिवसभर बसवलं तर ती बालमजुरीच ठरेल. 14 ते 18 वयोगटाला धोकादायक कामं देता येत नाहीत. छंदवर्ग म्हणून तासभर शिकवायला काहीच हरकत नाही.

सरकारी योजना: काय मिळतं, काय मिळत नाही

- कारागीर ओळखपत्र (पहचान कार्ड). केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाचं. सरकारी मेळ्यांतले गाळे, प्रशिक्षण यांसाठी हे लागतं. कार्ड व्यक्तीच्या नावाने मिळतं, म्हणून घरातल्या काम करणाऱ्या प्रत्येक बाईचं वेगळं काढा. हातमागाची यंत्रणा वेगळी आहे. विणकरांनी विकास आयुक्त (हातमाग) यांच्याकडे विचारावं.
- पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 व्यवसाय आहेत: सुतार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे वगैरे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. वय 18 पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ. नोंदणी नागरी सुविधा केंद्रात होते आणि तिला पैसे लागत नाहीत. हातमाग विणकाम या 18 मध्ये नाही, हे पैठणी किंवा घोंगडी विणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.
- गुरू-शिष्य हस्तशिल्प प्रशिक्षण. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याच कार्यक्रमाचा भाग. विश्वकर्मा तुमचं कौशल्य वाढवण्यासाठी आहे. तुम्ही दुसऱ्याला शिकवता, त्यासाठीची मदत इथे मिळते. कार्यालयात जाऊन सध्या अर्ज सुरू आहेत का, एवढंच आधी विचारा.
- चर्मकारांसाठी राज्याचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे.

दलालापासून सावध राहा. ‘शंभर मुलांची यादी द्या, बाकी आम्ही पाहतो’ असं म्हणत कोणी आलं तर आपली सही देऊ नका. कागदावर शिकलेल्या मुलांमुळे खऱ्या वर्गाचे पैसे जातात.

‘कोल्हापुरी’ नाव कोण वापरू शकतं?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. तुमचा शिष्य या जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीने काम करत असेल तर तो ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करू शकतो. त्याने नागपुरात जाऊन तशीच चप्पल केली तर कसब त्याचं आहे, ते कोणी काढून घेत नाही. पण नोंदणीचं नाव लावता येणार नाही. पैठणी, वारली चित्रकला, मिरजेची सतार आणि तंबोरा यांनाही मानांकन आहे.

मानांकन मिळालं एवढ्याने घरात पैसे येत नाहीत. वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा, खूण मालावर लावा, आणि गिऱ्हाइकाला ती दाखवायला शिष्यालाही शिकवा.

शिकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

- पहिल्या भेटीत ‘शिकवाल का’ असं विचारू नका. आधी दोन-चार वेळा जाऊन काम पाहा, एखादी वस्तू पूर्ण किमतीला विकत घ्या.
- गुरूच्या परवानगीशिवाय चित्रीकरण नको. परवानगी मिळाली तरी ते समाजमाध्यमांवर टाकायचं का, हे वेगळं विचारा.
- विद्यावेतन, मजुरी, सुट्टी याबद्दल विचारणं उद्धटपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.
- पुढे तुम्ही शिकवाल तेव्हा कोणाकडून शिकलात ते नाव घ्या, वस्तूच्या चिठ्ठीवरही.
- नोकरी लगेच सोडू नका. कमाई दोन मोसम स्थिर राहिलेली पाहा, मग ठरवा.

शिष्य मिळालाच नाही तर

हेही होतं, आणि वय वाट पाहत नाही. तेव्हा काम नोंदवून ठेवा.

मोबाइल समोर ठेवू नका. तुमच्या खांद्यावरून, तुमच्याच बाजूने हात दिसतील असा ठेवा. उजेड खिडकीचा, डाव्या बाजूने. बोला तुमच्याच बोलीत, हत्यारांची नावं तुम्ही म्हणता तीच घ्या. पुस्तकी शब्द वापरायची गरज नाही. हात थांबतो तिथे कॅमेरा थांबवू नका. तुम्ही काय पाहून थांबलात ते सांगा. ‘आता रंग लागलाय’ हे कशावरून कळलं? वासावरून, आवाजावरून, बोटाला लागणाऱ्या ओलीवरून?

त्याशिवाय, प्रत्येक टप्प्यावर अर्धवट सोडलेला एकेक नमुना जपा: कमावलेलं कातडं, कापलेला तळ, शिवलेला पण न सजवलेला जोड, पूर्ण जोड. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: माल कुठला, महिना कोणता, हत्यार कोणतं, किती वेळ लागला. संपलेली वस्तू पुष्कळ ठिकाणी मिळते. मधले टप्पे कुठेच मिळत नाहीत, आणि पुढे कोणी हे काम पुन्हा उभं करायला आलं तर त्याला तेच लागतील. एक संच घरी ठेवा. दुसरा गावच्या शाळेला, जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जपणाऱ्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेला देऊ करा. देताना वस्तूंची यादी दोन प्रतींत करा, करणाऱ्या प्रत्येकाचं आणि प्रत्येकीचं नाव तीत घाला, आणि एका प्रतीवर पोच घेऊन ती घरी ठेवा.